परदेशात डायल-अप (फोनच्या तारेवरून इंटरनेट) लागत नव्हतं तेव्हा तुम्ही काय केलं?

रेचावाला (देवळी तालुका)
सोमवार, रात्री ९:४०

आमच्या गावचं टेलिफोन एक्स्चेंज मागच्या महिन्यात उचलून नेलं. ग्रामपंचायतीच्या मागे एक खोली, तिच्यात माणसाएवढं कपाट, खाली बॅटऱ्यांची रांग. सी-डॉट या सरकारी संस्थेचं, २५६ पोर्टांचं. कपाट मेटाडोरमध्ये चढवत होते तेव्हा मी तिथेच उभा होतो. घरोघरी लोंबणाऱ्या काळ्या ड्रॉप वायरी लोकांनी त्याआधीच ओढून काढल्या. कोणी कपडे वाळवायची दोरी केली, कोणी दोडक्याचा वेल चढवला.

माझ्यावर त्या खोलीचे उपकार आहेत, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी पॉलिटेक्निकला होतो तेव्हा सुट्टीत आमच्या लाइनमन काकांच्या मागे मागे फिरायचो. तक्रार आली की काका आधी काही उघडत नसत. फोन उचलायचे, कानाला लावायचे, डोळे मिटून ऐकायचे. मग मला ऐकवायचे. टोन स्वच्छ असेल तर लाइन ठीक, दोष फोनमध्ये. टोनच्या मागे 'घूंऽऽ' असेल तर तार कुठेतरी झाडाला नाहीतर ओल्या भिंतीला लागून तिचा करंट जमिनीत उतरतो आहे. खरखर असेल तर जॉइंटात पाणी शिरलं. आणि काहीच आवाज नसेल तर म्हणायचे, "माउथपीसमंधी फुंकर मार." आपली फुंकर आपल्याच कानात ऐकू आली तर तारेत करंट आहे, एक्स्चेंज टोन देत नाही. ऐकू आली नाही तर तार तुटली, काढा सायकल.

पुढे मी जिनिंगच्या मशिनी, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणारे रेचे, बसवायच्या कामाला लागलो. हिंगणघाटपासून सुरुवात. कंपनीने जून १९९९ मध्ये पॅरिसला पाठवलं; कापड-यंत्रांचं इत्मा प्रदर्शन दर चार वर्षांनी भरतं, ते त्या वर्षी तिथे होतं. मग २००१ मध्ये टांझानियाला, शिन्यांगाकडे, कपाशीच्या पट्ट्यात. दोन्ही वेळा सोबत लॅपटॉप, त्यात मोडेमचं (कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारं) कार्ड आणि ऑफिसचं नागपूरचं इंटरनेट खातं.

पॅरिसचं आधी सांगतो, कारण त्यातलं एक कोडं मला अजून सुटलेलं नाही.

भिंतीतलं सॉकेट पाहिलं तर आपला पिन त्यात जाईना. फ्रान्सचा फोनचा प्लग वेगळा, चपटा आणि मोठा. पण फोनच्या बुडाशी वायर जिथे शिरते तिथला पिन आपल्यासारखाच निघाला. मग वायर भिंतीत तशीच ठेवली, फोनच्या बाजूने काढली आणि लॅपटॉपला लावली. अडॅप्टरची गरजच पडली नाही. नंतर मी कुठेही गेलो तरी आधी फोन उलटा करून पाहायचो.

पहिल्या संध्याकाळी दोन चुका झाल्या. बाहेरच्या लाइनसाठी मी ९ टाकला, तिथे ० लागायचा. दुसरी चूक विंडोजची. नागपूरचा कोड मी ०७१२ असा लिहून ठेवला होता, त्यामुळे ते ००९१ नंतरही ० लावत होतं. परदेशातून तो शून्य गाळायचा असतो. शेवटी सगळी मदत बंद केली आणि आख्खा नंबर हाताने लिहिला: शून्य, स्वल्पविराम, ००९१७१२ आणि पुढचा नंबर. स्वल्पविराम म्हणजे मोडेमने दोन सेकंद थांबायचं, हॉटेलच्या बोर्डाने (आतल्या फोनांच्या छोट्या एक्स्चेंजने) बाहेरची लाइन देईपर्यंत. लागलं. पॅरिसहून नागपूरला थेट, मेल उतरवून दीड-दोन मिनिटांत बंद.

तीन दिवस असं चाललं. चौथ्या संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच वायरीने, "डायलटोन नाही", एरर ६८०. मी लगेच फोन कानाला लावला. टोन होता, पण तुटक. तुट-तुट-तुट असं काही सेकंद, मग सरळ. मला वाटलं लाइन खराब झाली. वायर बदलली, कार्ड काढून पुसून घातलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. खाली रिसेप्शनला सांगितलं, त्या बाईंनी खोलीत फोन लावून दाखवला, तो वाजला. बोलणं नीट होत होतं. मोडेम मात्र त्या दिवसापासून निघेपर्यंत लागलाच नाही.

जीव लागला होता तो घरच्या निरोपासाठी. शेतात विहीर खोदणं सुरू होतं. पाण्याचं काही कळलं की भाऊ नागपूरच्या ऑफिसला फोन करणार आणि ऑफिस मला मेल टाकणार, असं ठरलं होतं. शेवटी प्रदर्शनातल्या कॉम्प्युटरवर बसलो, तर तिथेही खातं उघडेना. फ्रेंच कीबोर्डवर ए च्या जागी क्यू असतो, डब्ल्यूच्या जागी झेड, आणि आकड्यांसाठी शिफ्ट दाबावी लागते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. हे कळायला अर्धा तास गेला.

ज्यांनी हे सगळं केलं आहे त्यांनी लिहा. प्लग, टोन, नंबर, जे आठवेल ते.


वरूडचा_पोट्टा
सोमवार, रात्री १०:१५

रेचावाला भाऊ, मस्त काढला धागा. मी १९९९ ले न्यू जर्सीले होतो, वायटूकेच्या (सन २००० च्या तारखेच्या घोळाच्या) कामावर. तिकडे प्लग आपलाच, लोकल कॉलले घरून वेगळे पैसे नाई, म्हणून लोकं रातभर लावून ठेवत.

पण आमच्या भाड्याच्या घरी फोनले कॉल वेटिंग होतं. दुसरा फोन आला का मधातच 'टूं' वाजे आन् मोडेम सुटे. नंबरच्या आंधी *७० आन् एक स्वल्पविराम टाकला का तेवढ्या कॉलपुरतं कॉल वेटिंग बंद होते, हे मले घरमालकीणबाईनं सांगतलं.

मोठा मार बसला तो एका मोटेलात. भितीतला पिन काढला, लॅपटॉपले लावला, डायल केलं. वास आला. कार्ड गेलं ते गेलंच. तवाच्या माह्या पगारात ते कार्ड काई स्वस्त नोतं. लाइन त पिनवरून सारखीच दिसत होती, मंग जळलं काहून हे मले आजवर कोणी नीट सांगतलं नाई.


निवृत्त_जेटीओ (पुसद)
मंगळवार, सकाळी ६:५०

वरूडचे भाऊ, मी सांगतो. टेलिफोन खात्यात उभा जन्म गेला.

साध्या लाइनवर फोन ठेवलेला असतो तेव्हा साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात. उचलला की व्होल्टेज पडतं आणि वीस-तीस मिलिअँपियर करंट वाहतो. मोडेम त्या करंटसाठीच बनवलेला. मोठ्या हॉटेलात, कचेरीत डिजिटल बोर्ड असतात. त्यांची खोलीकडे जाणारी तार ही आपल्या अर्थाने टेलिफोनची लाइन नसतेच. त्यांच्या खास फोनला चालवण्यापुरती वीज आणि आकडे त्यातून जातात. पिन मात्र तोच. त्यावर साधा मोडेम लावला की करंट त्याच्या ताकदीबाहेर जाऊ शकतो आणि आतला भाग जळतो.

ओळखायचं कसं? फोनवर पडदा असेल, बटणांची रांग असेल आणि मागे कंपनीचा खास नंबर छापलेला असेल तर संशय घ्यावा. फोनच्याच बाजूला "डेटा" लिहिलेलं भोक असेल तर ते वापरावं. काहीच नसेल तर हॉटेलवाल्यांना फॅक्सची लाइन मागावी. फॅक्सला नेहमी साधी लाइनच लागते. पेनाएवढा एक लाइन-टेस्टरही मिळायचा, हिरवा दिवा लागला तर लावा, लाल लागला तर हात लावू नका.

रेचावाला, तुमच्या लाइनमन काकांची फुंकर वाचून डोळे भरून आले. नव्या पोरांना मीही तेच शिकवत असे.


बेंबळा
मंगळवार, सकाळी ९:०५

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही, घरी वायफाय आलं तेव्हाच कॉम्प्युटर आला. दोन शंका. मोडेमला टोन ऐकायची गरजच काय? नंबर माहीत आहे तर सरळ लावायचा. आणि एवढ्या लांबून लावलेल्या कॉलवर स्पीड किती मिळायचा?


काळी_माती (अकोट)
मंगळवार, दुपारी १:३०

बेंबळा, तुझ्या पहिल्या प्रश्नावरच माझे दोन आठवडे गेले होते.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून इटलीला, बारी शहरात शिकायला गेले होते, २००० मध्ये. खोलीतल्या फोनला मोडेम लावला की एकच उत्तर, डायलटोन नाही. फोन उचलला की टोन व्यवस्थित. पण तो आपल्यासारखा सलग नव्हता. एक छोटा, एक लांब, टू-टूऽऽ, टू-टूऽऽ. तिथे सगळ्यांचा तसाच. इटलीचा डायलटोनच तुटक. आणि मोडेमला सलग आवाज हवा असतो, थोडा वेळ अखंड ऐकल्याशिवाय तो नंबर फिरवत नाही.

शेजारी राहणाऱ्या मोरोक्कोच्या मुलीने विंडोजमधली एक खूण काढायला लावली, "डायल करण्यापूर्वी टोनची वाट पाहा" ही. तीच गोष्ट जास्तीच्या सेटिंगमध्ये एक्स३ लिहूनही होते. पहिल्याच झटक्यात लागलं. मी रडलेच. घरून निघून पंधरा दिवस झाले होते आणि आईला फक्त एक पोस्टकार्ड गेलं होतं.

त्यानंतरची अडचण वेगळी. मेल उतरायचे पण जायचे नाहीत. माझं खातं भारतातल्या कंपनीचं आणि इंटरनेट इटलीतल्या कंपनीचं. भारतातला मेल-सर्व्हर म्हणायचा, तू माझ्या जाळ्यातून आलेली नाहीस, तुझं पत्र मी पुढे देणार नाही. सुरुवातीला सर्व्हर असे दार बंद ठेवत नसत, पण जाहिरातींचा कचरा पाठवणाऱ्यांनी त्याचा फायदा घेतला, म्हणून हे आलं. उपाय दोन: पाठवायचा सर्व्हर इटलीच्या कंपनीचा टाकायचा, नाहीतर सरळ हॉटमेल वापरायचं. मी पहिला केला, कारण हॉटमेलची पानं उघडेपर्यंत मिनिटं जायची आणि मिनिटांचे पैसे लागायचे. ऑफलाइन पत्र लिहायचं, जोडायचं, पाठवायचं, तोडायचं.


पांढरं_सोनं
मंगळवार, दुपारी ३:१०

म्हणजे सरळ गोष्ट आहे, कुठेही जा, एक्स३ कायमचं टाकून ठेवा. कटकट नको.


रेचावाला
मंगळवार, रात्री ८:२०

पांढरं_सोनं, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. एक्स३ टाकलं की मोडेम टोनसाठी थांबत नाही, डोळे झाकून नंबर फिरवतो. लाइन मेलेली असली तरी फिरवतो. मग तुम्हाला एरर दिसतो ६७८, पलीकडचा कॉम्प्युटर उत्तर देत नाही. तुम्ही दोष देता पलीकडच्याला आणि वायर सुटलेली असते पलंगाखाली. टांझानियात माझं असंच झालं. म्हणून आधी कान, मग एक्स३. आणि ६९१ आला तर लाइनला हातच लावू नका. पलीकडे लागलेलं आहे, नाव किंवा पासवर्ड चुकतो आहे. कॅप्स लॉक पाहा.

टांझानियाचं आता सविस्तर लिहितो, बेंबळाच्या स्पीडच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आहे.

जिनिंगचं ऑफिस म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक टेबल, एक फोन. नंबर लावायचा मुआंझा शहराचा. लागायचं, ते ओळखीचं किंकाळणं सुरू व्हायचं आणि मध्येच अडकायचं. अर्धा-अर्धा मिनिट दोन्ही मोडेम एकमेकांना ओरडून विचारायचे, मग तुटायचं. फोन कानाला लावला तर टोनच्या मागे 'घूंऽऽ'. आमच्या गावचाच आवाज! एक क्षण वाटलं, बाहेर बाभळीला तार लागली असेल. बाहेर बाभळी होत्याही, पण तार त्यांच्यापासून लांब होती.

मग आठवलं, आमच्याकडे शेजारच्या मळ्यात मोटार सुरू झाली की घरच्या फोनमध्ये असाच आवाज यायचा. इथे डिझेल जनरेटर चालू होता आणि लॅपटॉप त्याच्यावर चार्जिंगला. चार्जरची पिन उपटली, बॅटरीवर लावलं. कानातला आवाज निम्म्याहून कमी झाला. मोडेम लागला. अर्थिंग धड नसलं की चार्जरचं गुणगुणणं लॅपटॉपमधून फोनच्या तारेत उतरतं. हे मी नंतर हिंगणघाटलाही दोघा-तिघांचं दुरुस्त करून दिलं.

तरी दहा मिनिटांनी तुटायचं. मोडेम हावरा असतो, लाइन जेवढी देईल त्याच्यापेक्षा थोडं जास्त घ्यायला जातो. मग त्याला मी बांधून ठेवलं. विंडोजमध्ये "कमाल स्पीड" असं जे दिसतं ते कमी करून काही उपयोग नाही, तो कॉम्प्युटर आणि मोडेममधला स्पीड आहे, तारेवरचा नाही. तारेवरचा बांधायचा तर सुरुवातीच्या आज्ञेत लिहावं लागतं. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमला &एन८ म्हणजे सेकंदाला १४,४०० बिट, &एन६ म्हणजे ९,६००. दुसऱ्या बऱ्याच मोडेमना +एमएस. मी ९,६०० वर बांधला. मग एकदा लागला की तासभर हलायचा नाही.

९,६०० म्हणजे किती? रेच्याच्या पट्ट्याचा एक फोटो, ३०० केबीचा, जायला पाच मिनिटं. पट्टा एका कडेने झिजत होता, तो फोटो नागपूरला पाहिल्यावर त्यांनी सांगितलं की शाफ्ट दोन सूत तिरका आहे. पाच मिनिटांत ते काम झालं, नाहीतर माणूस पाठवावा लागला असता.


निवृत्त_जेटीओ (पुसद)
मंगळवार, रात्री ९:००

उत्तम लिहिलंत. एक भर घालतो. लांबच्या कॉलला मोडेमची ओळखपाळख व्हायला वेळ लागतो. उपग्रहावरून कॉल गेला तर आवाज जाऊन परत यायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. मोडेम ठरावीक सेकंद वाट पाहून फोन ठेवून देतो. ते सेकंद मोडेमच्या एस७ या सेटिंगमध्ये असतात. एस७=९० केलं की तो दीड मिनिट धीर धरतो.

आणि बेंबळा, ५६ के चा मोडेम असला म्हणून ५६ मिळत नसे. त्यासाठी पलीकडच्या कंपनीपासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंत सगळं डिजिटल हवं, फक्त शेवटची तार साधी. मध्ये हॉटेलचा बोर्ड आला की आवाज आणखी एकदा बदलला जातो आणि मोडेम ३३.६ किंवा त्याच्याही खाली येतो. अमेरिकेत तर सिग्नलच्या ताकदीवरच्या नियमामुळे ५३ च्या वर जायची मुभाच नव्हती.


एसटीडी_बूथ (दारव्हा)
बुधवार, सकाळी ७:३०

मी परदेशात गेलो नाही, दारव्ह्याच्या बसस्टँडपाशी माझा बूथ होता. पण माझी अडचण कोणाच्या तरी कामी येईल म्हणून लिहितो.

२००० मध्ये मी बूथमध्ये कॉम्प्युटर ठेवला. पोरं निकाल पाहायला, हॉटमेल उघडायला यायची. घरची लाइन व्यग्र असली की मी बूथच्या लाइनवर मोडेम लावायचो. लागायचं चांगलं, आणि घड्याळ लावून तीन मिनिटांनी गचका बसायचा. कधी नुसतं थांबायचं, कधी पूर्ण तुटायचं. कॉम्प्युटरवाल्याने दोनदा मोडेम बदलला. एकदा मी सहज बूथच्या यंत्राकडे पाहत होतो. लाल आकडे सव्वा रुपयाच्या आसपासने वाढले आणि त्याच क्षणी पडद्यावरचं पान अडकलं. पुन्हा आकडे सरकले, पुन्हा अडकलं.

एक्स्चेंजच्या साहेबांनी सांगितलं, बूथच्या यंत्राला पैसे मोजता यावेत म्हणून त्या लाइनवर १६ किलोहर्ट्झचा पल्स सोडतात. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, मोडेमला मात्र तो मध्येच कोणी बोलल्यासारखा लागतो. म्हणजे रेचावाला भाऊ, तुमची कानाची परीक्षा इथे चालत नाही. इथे डोळ्यांनी आकड्यांकडे पाहावं लागतं.


पांढरं_सोनं
बुधवार, सकाळी १०:४५

अरे! हे वाचून मला माझं उत्तर सापडलं. आणि एक्स३ बद्दल रेचावालांचं पटलं, मागे घेतो.

मी जर्मनीत होतो, सूतगिरणीच्या मशिनींच्या ट्रेनिंगला. एका घरगुती लॉजमध्ये. तिथलं सॉकेट म्हणजे शेजारी शेजारी तीन भोकं, एन, एफ, एन. एफ फोनसाठी, एन म्हणजे फोन सोडून बाकीचं, फॅक्स, मोडेम वगैरे. मी आठवडाभर मोडेमची वायर एफ मध्ये घालायचा प्रयत्न केला, खाचा वेगळ्या असतात म्हणून जायची नाही, मला वाटलं वायर चुकीची आली. ते कळल्यावर लागलं, पण ठरावीक वेळाने तुटायचं. घरमालकाच्या फोनवर कॉलचे पैसे दाखवणारा छोटा पडदा होता! म्हणजे तोच १६ किलोहर्ट्झ. त्याने मला दुकानातून काडेपेटीएवढी एक डबी आणून दिली होती, सॉकेट आणि मोडेमच्या मध्ये लावायची. लावली आणि तुटणं थांबलं. ती डबी काय करत होती हे आज दारव्ह्याहून कळलं.


निवृत्त_जेटीओ (पुसद)
बुधवार, सकाळी ११:२०

मीटरिंग फिल्टर. पल्स गाळून टाकतो. जर्मनीत १६, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये १२ किलोहर्ट्झ.


वरूडचा_पोट्टा
बुधवार, दुपारी २:००

जेटीओ साहेब, पंचवीस वर्षांनं कार्ड काहून जळलं ते समजलं. लय आभारी हाव.

इंग्लंडले गेलेल्या माह्या मावसभावाचं एक सांगतो. तिथचा पिन वेगळा, त्यानं बाजारातून स्वस्तातला अडॅप्टर घेतला. फोन लावला त फोन चाले, मोडेम लावला त मेलेला. आतमंधी पाह्यलं त तारा बाहेरच्या दोन पिनांवर जोडल्या होत्या, आन् मोडेमले लागते मधल्या दोन. ज्याच्यावर मोडेमसाठी म्हणून लिहेल होतं तो घेतला, मंग चाललं. बाकी तिकडे सोपं होतं, फ्रीसर्व्ह नावाची फुकटची सेवा १९९८ पासून होती, खाली फोनचेच पैसे.


निवृत्त_जेटीओ (पुसद)
बुधवार, रात्री ८:४५

रेचावाला, तुमचं पॅरिसचं मी तीनदा वाचलं. काळी_माती ताईंनी तुटक टोनचं लिहिलं तेव्हाच डोक्यात किडा वळवळला होता, पण इटलीचं आणि तुमचं एक नाही. फ्रान्सचा टोन सलगच असतो, आणि तुमचे पहिले तीन दिवस नीट गेले.

दोन गोष्टी पाहा. एक, लाइन चौथ्या दिवशी बिघडली आणि मग एकदाही सुधारली नाही. पाणी शिरलेली लाइन अशी वागत नाही. ती उन्हात सुधारते, ओलीत बिघडते, वारा आला की खरखरते. दुसरी, टोन तुटक होता तो फक्त सुरुवातीचे काही सेकंद, नंतर सरळ. हा बिघाड नव्हे. हे बोर्डाचं बोलणं आहे. खोलीच्या नावाने व्हॉइसमेलमध्ये निरोप ठेवला असेल तर बोर्ड असा तुटक टोन देतो, म्हणजे फोन उचलल्याबरोबर पाहुण्याला कळावं. निरोप ऐकेपर्यंत तो तसाच राहतो. माणूस त्यावर खुशाल नंबर फिरवतो, म्हणून रिसेप्शनच्या बाईंना काही चूक दिसली नाही. मोडेम मात्र त्या तुटकपणापाशीच हार मानतो.

आपल्याकडच्या छोट्या एक्स्चेंजला तेव्हा असा टोनच नव्हता. तुमच्या काकांनी तो तुम्हाला ऐकवणार कुठून? निरोप ऐकला असता किंवा नंबरच्या आधी दोन-तीन स्वल्पविराम टाकून टोनची वाट पाहायची खूण काढली असती, तरी लागलं असतं.

एक विचारतो. त्या फोनवर लाल दिवा होता का?


रेचावाला (देवळी तालुका)
बुधवार, रात्री १०:३०

साहेब, होता. लुकलुकत होता. रात्री डोळ्यांवर यायचा म्हणून मी त्याच्यावर रुमाल टाकून झोपायचो. मला वाटायचं तो फोन चालू असल्याचा दिवा.

तुमचं वाचल्यावर बराच वेळ उठलो नाही. आता लिहितो.

विहिरीला पाणी लागलं ते मी पॅरिसला असतानाच, ४२ फुटांवर. ऑफिसचा मेल मला परत आल्यावरच वाचायला मिळाला. पण घरी आलो तेव्हा भाऊ म्हणाला होता, "म्या फोन केला होता तुले, पुलगावच्या आयएसडी बूथवरून. पह्यले एक बाई बोलली, मंग दुसरी कोण्या भाषेत बोलली, मंग टूं वाजलं. म्या सांगून टाकलं का पाणी लागलं, बेचाळीस फुटावर, गोडं हाय. कोणी काई बोललं नाई, म्हून ठेवून देल्ला." मी त्याला म्हटलं होतं, भलत्याच नंबराला लागला असेल. बूथवाल्याला दिलेले पैसे वाया गेले म्हणून दोघंही हळहळलो होतो, आणि विषय तिथेच संपला होता.

म्हणजे ज्या मेलसाठी मी वायरी बदलत बसलो होतो, त्यातली बातमी भावाच्या आवाजात त्याच फोनमध्ये होती, आणि तिच्यामुळेच मोडेम लागत नव्हता.

भावाला आत्ता उठवून सांगितलं. मळ्यातल्या खोलीत झोपला होता, त्याच विहिरीपाशी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग? म्या त तवाच सांगतलं होतं ना तुले."